हानउईहाक: कोरियन वैद्यकातलं संशोधन

हानउईहाक म्हणजे कोरियाचं पारंपरिक वैद्यक. त्यात सुया येतात, काढे येतात, तुंबड्या येतात (हो, आपल्याकडे पूर्वी लावायचे त्याच, तिकडे बुहांग म्हणतात), शिवाय आपल्या दवण्याच्या जातकुळीतली एक वनस्पती वाळवून तिचा शेक देणं आणि हातानं सांधे-मणके जागेवर आणणं हेही येतं. ही नोंद मात्र त्या उपचारांपेक्षा त्यांच्यावर दक्षिण कोरियात जे संशोधन चालतं, हॉस्पिटलात पेशंटवर आणि लॅबमध्ये उंदरांवर, त्याबद्दल आहे. नावाचा घोळ आधीच मिटवून टाकू. इंग्रजीत याला नुसतं कोरियन मेडिसिन म्हणतात, त्यामुळे लोकांना वाटतं सोलच्या मोठ्या हॉस्पिटलातली कॅन्सर सर्जरी पण यातच आली, तर तसं नाही. नावातलं "हान" हे अक्षर पूर्वी चीनच्या हान घराण्याचं लिहायचे, १९८६ मध्ये ते अधिकृतपणे बदलून कोरिया या अर्थाचं हान केलं, उच्चार तोच राहिला, अक्षर बदललं.

सगळ्याचं मूळ १९५१ च्या कायद्यात आहे. युद्ध चालू असताना झालेल्या त्या वैद्यकीय कायद्यानं एका घरात दोन चुली मांडल्या: एक ॲलोपॅथीचे डॉक्टर, दुसरे हानउईसा (म्हणजे हानउईहाकचे वैद्य), दोघांचं लायसन्स वेगळं, कॉलेज वेगळं, आणि एकानं दुसऱ्याच्या चुलीवरचं भांडं उचलायचं नाही. त्याआधी जपानी राजवटीत पारंपरिक वैद्यांना डॉक्टर ही पदवीच काढून घेऊन खालच्या दर्जाचं लायसन्स दिलं होतं, त्यामुळे १९५१ चा कायदा त्यांच्यासाठी मोठीच गोष्ट होती. पण या दोन चुलींमुळेच तिथला जवळपास प्रत्येक रिसर्च पेपर हा नुसता रिसर्च पेपर राहत नाही, तो कोर्टात, इन्शुरन्सच्या मीटिंगमध्ये आणि दोन्ही संघटनांच्या पत्रकबाजीत पुरावा म्हणून फिरतो.

जुना भाग, थोडक्यात

कोरियात औषधांचा पद्धतशीर अभ्यास जुनाच. राजा सेजोंगच्या काळात १४३३ मध्ये देशी वनस्पतींवर मोठा ग्रंथ झाला, कारण चीनमधून येणारी औषधं महाग आणि मिळायची पण नाहीत. सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे दोंगउई बोगाम. राजवैद्य हो जुन याला १५९६ मध्ये राजानं हे काम दिलं, मग जपानी आक्रमणामुळे मंडळ पांगलं, पुढे १६०८ मध्ये राजा वारला तर राजवैद्य म्हणून खापर याच्यावर फुटलं आणि याला हद्दपार केलं, तरी पठ्ठ्यानं १६१० मध्ये २५ खंड पुरे केले, छापून आले १६१३ मध्ये. २००९ ला युनेस्कोनं जागतिक स्मृतीच्या यादीत घेतलं. वनस्पतींची नावं त्यानं कोरियन लिपीतही दिली होती, म्हणजे साध्या माणसाला रानात जाऊन ती ओळखता यावीत.

आजची यंत्रणा

शिक्षण सहा वर्षांचं, बारा संस्था, त्यातली पुसान नॅशनल युनिव्हर्सिटी एवढी एकच सरकारी. क्यंगही युनिव्हर्सिटीचं नाव यात सगळ्यात मोठं, आणि वीस हजारांहून जास्त हानउईसा देशात आहेत. स्पेशालिटी आठ आहेत: अंतर्गत वैद्यक, स्त्रीरोग, बालरोग, मनोरोग, सुया आणि शेक, डोळे-कान-नाक-त्वचा सगळं एकत्र, पुनर्वसन, आणि सासांग नावाचा प्रकृतीचा विषय. संशोधनाची मुख्य सरकारी संस्था देजन शहरात आहे, किओम म्हणतात तिला, स्थापना १९९४. तिच्यामागे पण भांडणच आहे. १९९३ मध्ये फार्मासिस्टांना काढ्याची औषधं बनवून देता येतील का यावरून जो वाद पेटला त्यात हानउईच्या विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार घातला आणि ढीगभर पोरांचं वर्ष बुडालं. त्यातून सरकारला काही तरी ठोस करावं लागलं.

सुयांची ट्रायल, आणि खोट्या सुईची भानगड

गोळीची ट्रायल घ्यायची तर साखरेची गोळी देता येते, पण सुईला खोटी सुई कुठून आणायची? यावर जोंगबे पार्क या कोरियन संशोधकानं इंग्लंडमध्ये काम करताना एक उपकरण बनवलं, नाटकातल्या खंजिरासारखं, टोचल्यासारखं वाटतं पण सुई दांड्यात मागे सरकते. आयडिया भारी आहे. पण ज्यानं आयुष्यात दहा वेळा सुया टोचून घेतल्यात त्याला आत गेल्यावर येणारा तो जड, ताणल्यासारखा बधिरपणा माहीत असतो, आणि कोरियात असे पेशंट गल्लोगल्ली. शिवाय खोटी सुईसुद्धा कातडीला स्पर्श करतेच, म्हणजे ती पूर्ण निष्क्रिय नाही, आणि सुया टोचणाऱ्याला तर कळतंच की आपल्या हातात काय आहे. त्यामुळे बऱ्याच ट्रायलमध्ये खरी सुई आणि खोटी सुई दोन्हींनी दुखणं कमी होतं, फरक थोडासाच निघतो, आणि मग एक पक्ष म्हणतो बघा सुई चालते, दुसरा म्हणतो बघा सगळा मनाचा खेळ.

काही जणांनी खोट्या सुईचा नादच सोडला आणि सरळ नेहमीच्या उपचाराशी तुलना केली. २०१३ मध्ये पेन या जर्नलमध्ये आलेली ट्रायल यातली चांगली ओळखली जाते. अचानक कंबर धरलेले, धड चालता न येणारे ५८ पेशंट, निम्म्यांना डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन, निम्म्यांना सुया टोचून त्या सुया अंगात असतानाच दोन्ही बाजूंनी आधार देऊन चालवलं. अर्ध्या तासानं मोजलं तर सुईवाल्यांचं दुखणं बरंच जास्त उतरलं होतं. आता यात कुणाला काय मिळालं हे लपवणं अशक्य, अंगात सुया घालून चार पावलं टाकायला लावलेल्या माणसाला काही तरी जबरदस्त झालंय असं वाटणारच, पण निदान प्रश्न रोजच्या ओपीडीतला होता.

मेंदूच्या स्कॅनिंगची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. १९९८ मध्ये चो जांग-ही, हे पेट (PET) स्कॅनरच्या शोधातलं मोठं नाव, त्यांच्या टीमनं अमेरिकेतून पेपर काढला की पायाच्या करंगळीवर डोळ्यांसाठी जो पॉइंट सांगितलाय तिथे सुई फिरवली की मेंदूत डोळ्यांचाच भाग पेटतो. पारंपरिक मंडळींना आभाळ ठेंगणं झालं, जगभर हा पेपर दाखवला गेला. आणि २००६ मध्ये तो मागे घेतला गेला, ठरावीक पॉइंटचा ठरावीक अवयवाशी संबंध असतो हा दावा टिकत नाही म्हणून. आजही कुठल्या तरी पत्रकात तो पहिला पेपर झळकतो, मागे घेतल्याचं कुणी लिहीत नाही. त्यानंतरचं काम जास्त सावध आहे. किओमच्या संशोधकांनी बोस्टनच्या टीमबरोबर मनगटातली नस दबण्याच्या आजारावर २०१७ मध्ये जे छापलं त्यात खोट्या सुईनंही त्रास तितकाच कमी झाला, पण नसेतून संदेश जाण्याचा वेग खऱ्या सुईवाल्यांमध्येच सुधारलेला दिसला. हे जास्त प्रामाणिक वाटतं.

हातानं मणके बसवण्याच्या पद्धतीला कोरियनमध्ये चुना म्हणतात (आपल्याकडे चुना लावणं म्हणजे काय ते सांगायला नको, पण इथे तसा अर्थ काढू नका). मानदुखीवर १०८ जणांची ट्रायल २०२१ मध्ये जामा या अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेच्या एका जर्नलमध्ये आली, पाच आठवडे चुना घेतलेल्यांचं दुखणं नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त कमी झालं. गंमत म्हणजे सरकारी इन्शुरन्सनं चुना एप्रिल २०१९ मध्येच कव्हर केला होता.

काढा मोजायचा कसा

काढ्याचं दुखणं वेगळं. हानउईसा पेशंट बघून मूळ फॉर्म्युल्यात एक-दोन वनस्पती वाढवतो, एखादी काढतो, याला गागाम म्हणतात, म्हणजे अधिक-उणे. ट्रायलमध्ये मात्र सगळ्यांना एकच ठरलेला अर्क द्यावा लागतो, नाहीतर नेमकं काय तपासलं तेच कळत नाही. म्हणजे जे तपासलं जातं ते दवाखान्यात दिलं जात नाही, आणि जे दिलं जातं ते तपासता येत नाही. इन्शुरन्सनं ५६ फॉर्म्युल्यांचे कोरडे अर्क घेतले, पण कोरियन माणूस काढा म्हटला की पाकिटात भरलेला गरम काळा द्रवच डोळ्यासमोर आणतो.

दुसरी तऱ्हा बघा. दोंग-ए या कंपनीनं दवण्याच्याच जातकुळीतल्या वनस्पतीचा अर्क जठराच्या सुजेसाठी स्टिलेन नावानं २००२ मध्ये बाजारात आणला, रीतसर ट्रायल करून. तो ॲलोपॅथीचं औषध म्हणून नोंदला गेला, त्यामुळे ज्यांच्या पुस्तकात ही वनस्पती शेकडो वर्षं आहे त्या हानउईसांनाच तो लिहून देता येत नाही. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे.

लिव्हरवरचं संशोधन तर दोन चुलींचं उत्तम उदाहरण. ॲलोपॅथीच्या १७ हॉस्पिटलांनी औषधांमुळे लिव्हर बिघडलेले ३७१ पेशंट तपासले, २०१२ ला छापलं, त्यात सुमारे २७ टक्क्यांचं कारण जडीबुटीची औषधं निघालं, जवळपास तेवढंच डॉक्टरी औषधांचं. हानउईच्या दहा हॉस्पिटलांनी मग उलटीकडून मोजलं: काढे घेत असलेले १००१ भरती पेशंट, त्यातल्या ६ जणांचं लिव्हर बिघडलं, ०.६ टक्के, २०१७ चा पेपर. दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, कारण पहिल्यानं आजारी लिव्हरवाले घेऊन कारण शोधलं आणि दुसऱ्यानं काढा पिणारे घेऊन आजार शोधला. टीव्हीवरच्या वादात मात्र २७ विरुद्ध ०.६ असंच येतं.

वंध्यत्वाचा अभ्यास मात्र खरंच कच्चा होता. सरकारी पैशानं केलेला, ९० बायकांनी पूर्ण केला, १३ जणींना दिवस राहिले, ७ बाळं झाली, २०१९ ला निकाल जाहीर झाले आणि ॲलोपॅथीवाले तुटून पडले, कारण तुलनेला दुसरा गटच नव्हता. काही न करता किती जणींना दिवस राहिले असते हे माहीतच नसेल तर १३ या आकड्याचा अर्थ काय लावायचा.

ह्वाब्यंग आणि सासांग

ह्वाब्यंग म्हणजे शब्दशः आगीचा आजार. वर्षानुवर्षं राग गिळून बसलेल्या, बहुतेक मध्यमवयीन बायकांना होणारा: छातीत जळजळ, घशात गोळा, उसासे, अंग तापणं. आपल्याकडे आतल्या आत जीव जळतोय म्हणतात ना, तिकडे त्याचं निदान होतं. अमेरिकन मनोविकारांच्या मॅन्युअलमध्ये १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत हा होता, २०१३ च्या पाचव्या आवृत्तीच्या यादीतून गेला (आपला धात, म्हणजे वीर्य जातंय अशी धास्ती, मात्र तिथे राहिला). हानउईच्या मनोरोग विभागांनी यावर प्रश्नावल्या बनवल्या, छातीच्या मधोमध असलेला एक पॉइंट किती दाबल्यावर दुखतो हे यंत्रानं मोजलं. मला सगळ्या हानउई संशोधनात हा भाग सगळ्यात अस्सल वाटतो, कारण इथे ते दुसऱ्याच्या फूटपट्टीनं स्वतःला मोजत नाहीयेत.

सासांगमध्ये माणसांचे चार प्रकार. ली जेमा यानं १८९४ मध्ये ते मांडले, कुणाचं लिव्हर दांडगं आणि फुप्फुस दुबळं, कुणाचं उलट, असे, आणि त्यानुसार औषध. वात-पित्त-कफाची आठवण येतेच. किओमनं चेहऱ्याचे फोटो, आवाज, शरीराची मापं आणि प्रश्नावली एकत्र करून कम्प्युटरनं प्रकार ठरवायचं काम केलंय, आणि जीन्सशी पण सांगड घालून बघितली. पुण्यातही २००५ मध्ये प्रकृती आणि एचएलए (रोगप्रतिकाराशी निगडित) जीन यांचा संबंध तपासला गेला होता, तो याच वाटेवरचा. अडचण दोन्हीकडे एकच, मशीनला शिकवायचं ते वैद्यांच्या मतावरून, आणि वैद्यांचंच एकमत नसेल तर मशीन काय शिकणार.

कोर्ट आणि इन्शुरन्स

मोजायची यंत्रं कुणी वापरायची हा वाद कोर्टात गेला. एका हानउईसानं एका बाईंची ६८ वेळा सोनोग्राफी केली आणि तरी गर्भाशयाचा कॅन्सर निसटला. खालच्या कोर्टानं दंड केला. पण २२ डिसेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाच्या पूर्ण पीठानं म्हटलं की हानउईसानं सोनोग्राफी वापरणं हाच काही गुन्हा नाही. २०२३ मध्ये मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या यंत्राबद्दलही तसाच निकाल आला. आपल्याकडे मिक्सोपथीवरून जो गदारोळ होतो, तोच सूर, फक्त तिकडे दोन्ही बाजू जास्त पेपर घेऊन उभ्या असतात.

काढ्यांना इन्शुरन्स द्यायचा प्रयोग नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाला, आधी तोंड वाकडं होणं, लकव्यानंतरचा त्रास आणि पाळीतलं दुखणं एवढ्यांसाठीच. एप्रिल २०२४ पासून कमरेची चकती सरकणं, ॲलर्जीची सर्दी आणि अपचन पण त्यात घेतलंय.