दुधातील प्रथिनांचे मापन

दुधात प्रथिने किती, हे सांगणाऱ्या बहुतेक पद्धती प्रथिन थेट मोजत नाहीत. त्याची एखादी खूण मोजतात आणि तिच्यावरून हिशेब मांडतात.

जुनी आणि आजही प्रमाण मानली जाणारी पद्धत केल्डालची. डेन्मार्कमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी ती १८८३ साली मांडली, तीही दुधासाठी नव्हे, धान्यासाठी. चंबूत दूध, संहत सल्फ्यूरिक आम्ल, पोटॅशियम सल्फेट आणि चिमूटभर मोरचूद घालून तापवतात. दूध आधी फेसाळते, मग डांबरासारखे काळे पडते आणि काही तासांनी निळसर हिरवे, नितळ होते. प्रथिनातला नायट्रोजन आता अमोनियम सल्फेटमध्ये आलेला असतो. कॉस्टिक सोडा घालून अमोनिया ऊर्ध्वपातनाने बोरिक आम्लात पकडतात आणि अनुमापन करतात, म्हणजे ठाऊक तीव्रतेचे द्रावण थेंबथेंब घालून त्याचे प्रमाण काढतात. आलेल्या नायट्रोजनला ६.३८ ने गुणायचे: ०.५३ टक्के नायट्रोजन म्हणजे ३.३८ टक्के प्रथिने.

गोम इथेच आहे. दुधातला सुमारे ५-६ टक्के नायट्रोजन प्रथिनांचा नसतोच, युरियासारख्या पदार्थांचा असतो. म्हणून काटेकोर कामात ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्लाने प्रथिने साकळून वेगळी मोजतात. ही काळजी न घेतल्यास काय होते, ते २००८ मध्ये चीनमध्ये दिसले. पाणी घातलेल्या दुधाची प्रथिने भरलेली दिसावीत म्हणून त्यात मेलामाइन हे प्लास्टिकसाठी वापरले जाणारे रसायन मिसळले गेले. त्याच्या वजनात दोनतृतीयांश नायट्रोजनच असतो. सहा बालके दगावली, सुमारे तीन लाख आजारी पडली. नमुना जाळून काही मिनिटांत नायट्रोजन मोजणारी द्यूमा पद्धतही इथे तशीच फसते.

रंजक-बंधन पद्धतीची खूण वेगळी. अॅमिडो ब्लॅकसारखा रंग प्रथिनांना चिकटून खाली बसतो. वरचे द्रावण जितके फिके, तितकी प्रथिने जास्त. युरियाला हा रंग धरत नाही. फॉर्मॉल अनुमापन सर्वांत स्वस्त: ब्युरेट, कॉस्टिक सोडा, फिनॉल्फ्थॅलीन हा दर्शक आणि फॉर्मॅलिन एवढ्यावर भागते. मात्र टिकावे म्हणून दुधात आधीच फॉर्मॅलिन घातले असेल, तर ही चाचणी निरुपयोगी ठरते.

मोठ्या डेअऱ्यांत आता अवरक्त किरणांची यंत्रे असतात. ती प्रथिनातले, अमिनो आम्लांना एकमेकांशी जोडणारे अमाइड बंध टिपतात आणि मिनिटाच्या आत आकडा देतात. पण यंत्राला तो आकडा शिकवावा लागतो केल्डालच्याच निकालांवरून. गावच्या संकलन केंद्रावरचे ध्वनिलहरींचे छोटे यंत्रही प्रथिनांचा आकडा दाखवते. तो इतर घटकांवरून काढलेला अंदाज असतो. शेतकरी बघतो ते फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ), कारण भाव त्यांवर लागतो.