टायरोसिन वाढलं तर कॅप्सूल नव्हे, आहार तपासा

आनुवंशिक टायरोसिनिमिया (प्रकार १) हा आजार जगभरात साधारण लाखात एका बाळाला होतो. कॅनडातल्या क्युबेक प्रांताच्या एका भागात मात्र दोन हजारांत एकाहूनही जास्त बाळांना तो होतो, म्हणून तिथे १९७०पासून नवजात बाळांची त्यासाठी तपासणी केली जाते. या आजारावर तोंडाने घ्यायचं औषध आहे, निटिसिनोन. त्याच्या माहितीपत्रकातल्या काही सूचना मात्र पहिल्यांदा वाचणाऱ्याला चक्रावून टाकतात. आजार यकृताचा, मग डोळ्यांची तपासणी कशासाठी? औषध चालू असताना प्रथिनांचं पथ्य कशाला? आणि औषधामुळे रक्तात एक घटक वाढतो हे माहीत असूनही डोस कमी का करायचा नाही?

या सगळ्यांची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात. अन्नातल्या प्रथिनांमधून आपल्याला फिनाइलअलानिन आणि टायरोसिन ही अमिनो आम्लं मिळतात. गरज भागल्यावर उरलेली आम्लं शरीर टप्प्याटप्प्याने मोडून टाकतं आणि प्रत्येक टप्प्यावर वेगळं एन्झाइम काम करतं. या बाळांमध्ये अगदी शेवटच्या टप्प्यावरचं एन्झाइम निकामी असतं. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच असं होतं. मग अर्धवट मोडलेले रेणू साचतात आणि त्यांच्यापासून सक्सिनिलअ‍ॅसिटोन नावाचा विषारी पदार्थ बनतो. यकृत आणि मूत्रपिंडं खराब होतात, हाडं मुडदुसासारखी मऊ पडतात, पुढे यकृताचा कर्करोगही होऊ शकतो.

निटिसिनोन हे बिघडलेलं एन्झाइम दुरुस्त करत नाही. ते त्याच साखळीतलं आधीच्या टप्प्यावरचं, धडधाकट असलेलं एन्झाइम बंद पाडतं. खाली गटार तुंबून घाण पाणी घरात येत असेल, तर आपण वरचा व्हॉल्व्ह बंद करतो, तसंच हे. घाण थांबते, पण आता पाणी व्हॉल्व्हच्या वर तुंबू लागतं. इथे तुंबतं ते टायरोसिन. आजार आवरायचा म्हणून मुद्दाम ओढवून घेतलेली ही दुसरी अडचण आहे, आणि ती कॅप्सूलने सुटत नाही.

हे औषध आलं तणनाशकांच्या संशोधनातून. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या एका संशोधकाच्या लक्षात आलं, की बॉटलब्रशच्या झुडपाखाली तण फारसं उगवत नाही. त्या झुडपातल्या रसायनाच्या धर्तीवर पुढे बरीच तणनाशकं तयार झाली. निटिसिनोन बंद पाडतं तेच एन्झाइम वनस्पतींमध्येही असतं. ते बंद पडलं की पानं पांढरी पडतात. अशाच एका रेणूची चाचणी चालू असताना उंदरांच्या रक्तात टायरोसिन वाढलेलं दिसलं. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या स्वेन लिंडस्टेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून नेमका उपयोग हेरला आणि १९९२मध्ये पहिल्या पाच रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन महिन्यांच्या आत लक्षणं दिसू लागलेल्या बाळांपैकी नुसत्या आहारनियंत्रणावर दोन वर्षांनी सुमारे २९ टक्केच हयात असत. आहाराला निटिसिनोनची जोड मिळाल्यावर हे प्रमाण ८८ टक्क्यांवर गेलं.

आता डोळ्यांकडे येऊ. टायरोसिन पाण्यात फार कमी विरघळतं. रक्तात ते जास्त झालं, की बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात त्याचे स्फटिक साचू शकतात. डोळे लाल होणं, पाणी येणं, चुरचुरणं, उजेड सहन न होणं ही त्याची लक्षणं. म्हणून औषध सुरू करण्याआधी एकदा स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) डोळे तपासून घेतात. रक्तातलं टायरोसिन लिटरमागे ५०० मायक्रोमोलच्या खाली ठेवावं, असा दंडक आहे. औषध घेणाऱ्या बाळाचे डोळे लाल झाले, तर 'डोळे आले असतील' म्हणून घरातले थेंब घालत बसू नये. आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावं.

आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होण्याची शक्यता असते. अहवालात टायरोसिन वाढलेलं दिसलं, ते औषधामुळे वाढतं हे कळलं, की डोस थोडा कमी करावा असं कुणालाही वाटेल. तसं केलं, तर व्हॉल्व्ह सैल होतो आणि विषारी सक्सिनिलअ‍ॅसिटोन पुन्हा बनू लागतं. टायरोसिन उतरवायचं ते आहारातून: मोजकी नैसर्गिक प्रथिनं आणि ही दोन अमिनो आम्लं वगळून बनवलेलं खास दूध किंवा पावडर. पण प्रथिनं अगदीच तोडूनही चालत नाही, कारण वाढीला ती लागतातच. हे गणित आहारतज्ज्ञाकडेच सोपवावं. ॲस्पार्टेम या कृत्रिम गोडव्यातही फिनाइलअलानिन असतं आणि 'साखरविरहित' म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधी सिरपमध्येही ते सापडतं, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ताप आला, उलट्या झाल्या, मूल उपाशी राहिलं, तर शरीर स्वतःचीच प्रथिनं मोडू लागतं आणि न खाताही टायरोसिन वाढतं. अशा दिवसांत काय द्यायचं, हे आधीच लिहून घेतलेलं बरं.

औषध परस्पर थांबवण्याचा धोका त्याहून गंभीर. सक्सिनिलअ‍ॅसिटोनमुळे मज्जासंस्थेचा झटका येऊ शकतो: असह्य वेदना, वाढलेला रक्तदाब, हातापायांतली ताकद जाणं, क्वचित श्वासही अडणं. बरं वाटतंय म्हणून औषध सोडणाऱ्यांना हे सांगून ठेवायला हवं. एखादा डोस चुकला, तर मात्र घाबरून जाऊ नये. रक्तातलं निटिसिनोन निम्म्यावर यायला दोन दिवसांहून जास्त लागतात. पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये, डॉक्टरांना विचारावं.

डोस ठरतो वजनावर, सुरुवातीला साधारण किलोमागे दिवसाला १ मिलिग्रॅम. त्यामुळे मूल वाढलं आणि डोस तोच राहिला, तर प्रत्यक्षात तो कमी पडत जातो. पातळ औषधाच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो. ४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असं द्रावण असेल, तर '४ मिलिग्रॅम'ऐवजी ४ मिलिलिटर दिल्यावर चौपट औषध पोटात जातं. म्हणून डोस दोन्ही एककांत लिहून घ्यावा, बाटली चांगली हलवावी आणि चमच्याऐवजी तोंडाने औषध देण्याची सिरिंज वापरावी. औषध जेवणासोबत सुरू केलं असेल, तर ती पद्धत बदलू नये.

निटिसिनोनमुळे वॉरफरिन, फेनिटॉइन, मेथोट्रेक्सेट यांसारख्या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं, त्यामुळे नवीन डॉक्टरांकडे गेल्यावर त्याचा उल्लेख करायलाच हवा. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी अधूनमधून मोजतात. यकृतावरही आयुष्यभर लक्ष ठेवावं लागतं.

हेच औषध २०२०पासून युरोपात अल्कॅप्टोन्युरिया या दुसऱ्या आनुवंशिक आजाराच्या प्रौढ रुग्णांनाही दिलं जातं. तिथेही टायरोसिन वाढतं, तिथेही डोळ्यांना त्रास होऊ शकतो. पण तो आजार सांधे हळूहळू, अनेक वर्षांत झिजवतो. औषध थांबलं म्हणून लगेच जिवावर बेतत नाही. त्यामुळे डोळे दुखू लागल्यावर तिथे डॉक्टर काही दिवस औषध बंद ठेवू शकतात. टायरोसिनिमियाच्या बाळाचे डोळे दुखले, तर औषध तसंच चालू राहतं आणि तपासला जातो तो आहार.