सामायिक डेटा : जागेवर बदल आणि प्रत

प्रोग्रामचे दोन किंवा अधिक भाग एकच डेटा वापरत असताना त्यांपैकी एकाला तो बदलायचा असेल, तर त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. डेटा आहे त्या जागीच बदलला, तर बदल सगळ्यांना दिसतो. प्रत काढून प्रतीत बदल केला, तर मूळ डेटा वापरणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. पहिल्या मार्गाने मेमरी आणि वेळ वाचतो, दुसऱ्याने प्रत्येक भाग एकमेकांपासून मोकळा राहतो. ज्या डेटाचा धनी एकच आहे तो खुशाल जागेवर बदलावा, आणि जो कधीच बदलणार नाही तो हजार ठिकाणी वाटावा. दोन्हींत धोका नाही. वाटलेला असून शिवाय बदलणारा डेटा तेवढा त्रासदायक ठरतो, आणि या विषयातली बहुतेक तंत्रे ही जोडी फोडण्यासाठीच निघाली आहेत.

पायथन ३ मध्ये चलांची नावे देवनागरीत चालतात, त्यामुळे पुण्यातल्या बसथांब्यांची ही छोटी यादी जशीच्या तशी टंकून पाहता येते:

थांबे = ["स्वारगेट", "डेक्कन", "शिवाजीनगर"]
नवे = थांबे
नवे += ["औंध"]

आता 'थांबे' छापून पाहिले तर त्यातही औंध आलेले दिसते. दुसऱ्या ओळीत प्रत निघालीच नाही. एकाच यादीला दुसरे नाव मिळाले. तिसरी ओळ 'नवे = नवे + ["औंध"]' अशी लिहिली, तर मात्र नवी यादी तयार होते आणि 'थांबे' तीन थांब्यांचेच राहते. वाचताना दोन्ही ओळींचा अर्थ एकच वाटतो, म्हणून ही चूक नवशिक्यांपुरती राहत नाही. त्यात भर म्हणजे दोन्ही ठिकाणी चौकोनी कंसांऐवजी गोल कंस घालून (आणि एकट्या "औंध"नंतर स्वल्पविराम देऊन) टपल केले, की '+=' ची ओळसुद्धा नवी वस्तू बनवते आणि मूळ शाबूत राहते, कारण टपल बदलताच येत नाही. एकाच चिन्हाने कधी जागेवर बदल करावा आणि कधी प्रत काढावी, ही पायथनची सोय महागात पडणारी आहे. त्या मानाने क्रम लावण्याच्या बाबतीत भाषेने शहाणपणा दाखवला. यादीची 'सॉर्ट' ही मेथड जागेवर क्रम लावते आणि मुद्दाम 'नन' (None, म्हणजे 'काहीच नाही') परत करते. 'सॉर्टेड' हे फंक्शन नवी यादी देते.

प्रत काढली तरी ती किती खोल आहे हे पाहावे लागते. शॅलो कॉपीत बाहेरची यादी नवी होते, पण आतल्या वस्तू जुन्याच राहतात. मार्गांच्या यादीत प्रत्येक मार्गाच्या थांब्यांची वेगळी यादी असेल, तर शॅलो कॉपीत नवा मार्ग जोडणे सुरक्षित असते, मात्र जुन्या मार्गात थांबा जोडला की तो मूळ यादीतही उमटतो. डीप कॉपी सगळे आतपर्यंत उतरवते. ती रामबाण नाही. बहुतेक वेळा डेटाचा धनी कोण हे ठरवायचे राहून गेल्याची ती खूण असते. नमपाय हा पायथनचा आकडेमोडीचा संच वापरणाऱ्यांना आणखी एक वळण भेटते: पायथनच्या यादीचा तुकडा घेतला की प्रत मिळते, पण नमपायच्या ॲरेचा साधा तुकडा घेतला तर मूळ मेमरीवरचा 'व्ह्यू' मिळतो आणि त्यातला बदल मूळ ॲरेत जातो.

हा प्रश्न भाषांइतकाच जुना आहे. फोर्ट्रानच्या काही जुन्या कंपायलरमध्ये (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनात) सबरूटीनला, म्हणजे उपप्रोग्रामला, थेट २ हा आकडा दिला आणि आत त्या जागी ३ लिहिले, तर पुढे प्रोग्रामभर २ ची किंमत ३ होई. सी भाषेत फंक्शनला किमतीची प्रत जाते, ॲरेचा मात्र मेमरीतला पत्ताच दिला जातो. जावामध्ये स्ट्रिंग पहिल्यापासून न बदलणारी आहे, पण तारखेसाठीचा मूळ 'डेट' वर्ग बदलता येणारा होता. त्यामुळे जन्मतारीख दुसऱ्या ऑब्जेक्टच्या हाती देताना काळजीपूर्वक प्रत काढून द्यावी लागे. २०१४ च्या जावा ८ मध्ये न बदलणारे नवे तारीख-वर्ग आले, तेव्हा ही कटकट गेली.

प्रतींचा खर्च किती येतो हे स्ट्रिंग जोडताना सहज दिसते. न बदलणाऱ्या स्ट्रिंगला एकेक अक्षर जोडत १० हजार अक्षरांपर्यंत नेले आणि दर वेळी नवी प्रत काढली, तर एकूण सुमारे ५ कोटी अक्षरे उतरवली जातात. जावाचा 'स्ट्रिंगबिल्डर' हेच काम जागेवर बदल करत करतो. तो एकाच फंक्शनच्या ताब्यात असतो, तेव्हा त्यात गैर काही नाही.

प्रत काढायची, पण गरज पडेपर्यंत नाही, या युक्तीला कॉपी-ऑन-राइट म्हणतात. लिनक्समध्ये 'फोर्क'ने एका प्रोसेसमधून (चालू प्रोग्राममधून) दुसरी निर्माण होते, तेव्हा दोघींकडे मेमरीची तीच पाने, म्हणजे ठरावीक मापाचे तुकडे, असतात. एकीने एखाद्या पानावर लिहायला घेतले की तेवढ्याच पानाची प्रत निघते. नेहमीच्या संगणकांवर हे पान ४०९६ बाइटचे असते. रेडिस हा डेटाबेस याच जोरावर चालू असताना स्वतःची नोंद डिस्कवर उतरवतो: मूळ प्रोसेस लिहीत राहते आणि फोर्क झालेली प्रोसेस गोठलेले चित्र साठवते. २००७ मध्ये आलेल्या क्लोजर या भाषेने वेगळी वाट धरली. तिथला व्हेक्टर, म्हणजे न बदलणारी यादी, ३२ फाट्यांच्या झाडासारखा रचलेला असतो. १० लाख घटकांतला एक बदलायचा, तर वरपासून खालपर्यंतच्या चार गाठींची, म्हणजे सुमारे १२८ कप्प्यांची, प्रत पुरते. बाकी सारे झाड जुन्या आणि नव्या आवृत्तीत सामायिक राहते.

अनेक प्रोसेसर एकाच वेळी काम करू लागले की विषय आणखी अवघड होतो. पुण्यातल्या सी-डॅक या संगणन संशोधन संस्थेची स्थापना १९८८ ची. तिथे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तयार झालेला 'परम ८०००' हा महासंगणक सामायिक मेमरी न ठेवणाऱ्या पठडीतला होता. इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर हे प्रोसेसर त्यात जोडलेले होते, प्रत्येकाची मेमरी स्वतंत्र होती आणि शेजाऱ्याकडचा डेटा हवा असेल तर संदेशातून प्रत मागवावी लागे. दुसऱ्याच्या मेमरीत हात घालणे शक्यच नसल्याने तशी चूकही होत नसे. वेळ जाई तो संदेशांत. ट्रान्सप्युटरसाठी इन्मॉसने केलेल्या ऑकम भाषेत (१९८३) नियमच होता की समांतर चालणाऱ्या शाखांपैकी एक जे चल बदलते, ते दुसरीने वापरायचे नाही. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेली रस्ट भाषा याच्या बरीच जवळची शिस्त पाळते: एका वेळी वाचणारे कितीही, नाही तर लिहिणारा एकटा. ही शिस्त कंपायलरकडूनच तपासली जाते. रस्ट शिकताना लोक सुरुवातीला वैतागतात, पण तो वैताग रात्री दोन वाजता रेस कंडिशन (दोघांपैकी कोण आधी पोहोचतो यावर निकाल बदलणारी चूक) शोधण्यापेक्षा परवडतो.

प्रत हा सगळ्यावर उतारा नाही. बालगंधर्व रंगमंदिरातल्या प्रयोगाची तिकिटे दोघे जण एकाच क्षणी ऑनलाइन काढत आहेत आणि दोघांच्या पडद्यावर एकच खुर्ची रिकामी दिसते आहे, असे समजा. प्रत्येकाला आसनव्यवस्थेची स्वतंत्र प्रत दिली, तर दोन्ही प्रतींत विक्री बिनचूक होईल आणि प्रयोगाला एका खुर्चीवर दोघे बसायला येतील. खुर्ची एकच आहे, म्हणून तिची नोंदही एकाच जागी बदलली पाहिजे आणि त्या क्षणापुरते दुसऱ्याला थांबवले पाहिजे. पोस्टग्रेस हा डेटाबेस दोन्ही रीती एकत्र नांदवतो: ओळ बदलली की तिची नवी आवृत्ती लिहिली जाते, वाचणाऱ्यांना तोवर जुनी दिसत राहते, पण त्याच ओळीवर लिहू पाहणारा दुसरा वाट पाहतो. जुन्या आवृत्त्या नंतर 'व्हॅक्यूम'ने झाडून काढाव्या लागतात.

प्रतींचा न दिसणारा खर्च म्हणजे त्या एकमेकींपासून दुरावतात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. शतकानुशतके नकलून काढलेल्या पोथ्यांतले पाठभेद जुळवायला एवढी वर्षे लागली. गिट या प्रोग्रामच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात दोन शाखा जोडताना काम मुळात हेच असते. फरक इतका, की दोन्ही शाखांचा सामाईक पूर्वज गिटकडे जपलेला असतो, म्हणून कोणी काय बदलले हे ताडावे लागत नाही. तरी दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली असेल, तर निवाडा माणसालाच करावा लागतो.

काही डेटा असाही असतो की त्याची प्रत मुळीच राहू नये. जावाच्या स्विंग या खिडक्या-चौकटी बनवण्याच्या संचात पासवर्डची चौकट स्ट्रिंग न देता अक्षरांचा ॲरे देते. स्ट्रिंग बदलता येत नाही, म्हणून ती पुसताही येत नाही आणि गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारी यंत्रणा) येईपर्यंत मेमरीत पडून राहते. ॲरे मात्र काम झाल्याबरोबर शून्यांनी भरून टाकता येतो.