एकच इंजिन, दोन आकडे

बीएमडब्ल्यूची २०१२ ची ३ सिरीज घ्या. तिच्यात ३२०आय आणि ३२८आय अशी दोन पेट्रोल मॉडेलं होती. दोन्हींच्या बॉनेटखाली एन२० हेच इंजिन: दोन लिटर, चार सिलिंडर, एक टर्बो. तरी एकीची ताकद १८४ अश्वशक्ती, दुसरीची २४५. किंमतही अर्थात त्याच क्रमाने. मग ३२०आय घेणाऱ्याच्या मनात येणारच, की मधल्या ६१ अश्वशक्ती गेल्या कुठे? त्या आपल्या गाडीत आहेतच, कंपनीने फक्त कुलूप लावून ठेवलंय, असं तर नाही?

कुलूप असतं, हे खरं. पण ते उघडल्यावर आत दर वेळी माल सापडतोच असं नाही.

इंजिन म्हणजे मुळात हवा ओढणारा पंप. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणून जास्त ताकद हवी तर आधी जास्त हवा आत कोंबावी लागते. पेट्रोल वाढवणं त्यामानाने सोपं. टर्बो इंजिनात हे कोंबणं बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर चालतं. धुराने टर्बाइन फिरतं, त्याच शाफ्टवरचा पंखा हवा दाबतो, आणि दाब नको इतका वाढू लागला की वेस्टगेट नावाची झडप उघडून धुराला बाजूने वाट करून दिली जाते. ती झडप कधी आणि किती उघडायची ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. आजच्या गाडीत अॅक्सिलरेटरवर पाय दाबणं हा हुकूम नसतो, अर्ज असतो. मंजूर किती करायचा ते ईसीयू बघतो.

३२०आयचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २७० न्यूटन-मीटर, ३२८आयचा ३५०. दोन्ही इंजिनं कमाल ताकद मिनिटाला ५,००० फेऱ्यांना देतात. टॉर्क गुणिले फेऱ्या म्हणजे ताकद. फेऱ्या सारख्या, म्हणजे फरक उरला तो दर फेरीला आत गेलेल्या हवेचा, आणि हवा तर संगणकाच्या हातात. रीमॅप करून देणाऱ्यांचा सगळा धंदा यावरच उभा आहे. ईसीयूतले आकडे बदलायचे, टर्बोचा दाब वाढवायचा, गाडी पळायला लागते. त्यात थापेबाजी नाही.

आता दोन्ही इंजिनं उघडून बघू. कॉम्प्रेशन गुणोत्तर, म्हणजे पिस्टन आतलं मिश्रण किती पट दाबतो ते, ३२८आयचं १०:१, ३२०आयचं ११:१. म्हणजे आतले पिस्टनच वेगळे! कॉम्प्रेशन जास्त असलं की तेवढ्याच इंधनातून काम जास्त निघतं. पण नॉकिंगची भीतीही वाढते: स्पार्क प्लगपासून निघालेली ज्योत पोचायच्या आतच कोपऱ्यातलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप पेटतं आणि पिस्टनवर घण बसतात. टर्बोचा दाब कमीच ठेवायचा असेल, तर कॉम्प्रेशन वाढवून मायलेज पदरात पाडून घेता येतं. ३२०आयमध्ये तेच केलंय. तिला ‘गळा दाबलेली ३२८आय’ म्हणणं तिच्यावर अन्याय आहे. आणि नुसतं रीमॅप करून तिच्याकडून ३२८आयची ताकद काढू पाहणारा माणूस नॉकिंगच्या बाबतीत मूळ ३२८आयपेक्षा अवघड जागी उभा असतो.

टर्बो नसलेल्या इंजिनातही असे प्रकार होतात. अमेरिकेत विकल्या गेलेल्या २००६ च्या ३२५आय आणि ३३०आय या दोन्हींत तीन लिटरचं एन५२ इंजिन होतं. ताकद २१५ आणि २५५. महागड्या गाडीच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, फेऱ्यांनुसार हवेचा मार्ग बदलणारी जास्तीची सोय होती, स्वस्त गाडीत नव्हती.

इंजिनाच्या पुढेही गाडी असतेच. फोक्सवॅगनचा डीक्यू२०० हा सात गिअरचा, कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे. त्याच्यामागे जोडलेलं इंजिन याहून जास्त देऊ शकत असलं तरी उपयोग काय? क्लच, रेडिएटर, ब्रेक या सगळ्यांचा हिशेब त्या एका आकड्याशी बांधलेला असतो. त्यात उष्णतेचा प्रश्न वेगळाच. जोरात चालणाऱ्या पेट्रोल इंजिनात टर्बाइनवर आदळणारा धूर हजार अंश सेल्सिअसच्या आसपास पोचतो. रीमॅप केलेली गाडी थंड सकाळी, चांगल्या पेट्रोलवर, दहा सेकंदांसाठी जो आकडा दाखवते तो खोटा नसतो. कंपनीला मात्र तोच आकडा भर उन्हात, ट्रेलर ओढत घाट चढताना, हलक्या पेट्रोलवर आणि ऑइल वेळेवर न बदलणाऱ्या मालकाच्या हाती, वॉरंटीसकट द्यायचा असतो. बोटींच्या डिझेल इंजिनांत हे उघडच मान्य करतात. एकच इंजिन वेगवेगळ्या ताकदीला विकलं जातं. दिवसभर पूर्ण जोरावर चालवणार असाल तर आकडा कमी, अधूनमधूनच जोर लावणार असाल तर जास्त. मला हीच पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

खरोखर मुद्दाम घातलेला लगाम बघायचा असेल तर कायद्याकडे वळावं लागतं. युरोपात ए२ लायसन्सवाल्याला ३५ किलोवॅटपर्यंतचीच मोटारसायकल चालवता येते, म्हणून मोठ्या मोटारसायकली थ्रॉटल अडवून किंवा ईसीयूमधून तेवढ्यावर आणल्या जातात. मात्र मूळची ताकद ७० किलोवॅटपेक्षा जास्त असलेली गाडी अशी कमी करूनही चालत नाही. इटलीत १८५ किलोवॅटच्या वरच्या दर किलोवॅटला २० युरो जादा कर लागतो, तेव्हा त्या रेषेच्या अलीकडचं मॉडेल काढणं हा साधा व्यवहार झाला. जपानमध्ये तर कायदाही नव्हता. १९८९ पासून २००४ पर्यंत तिथल्या कंपन्यांनी आपसांत ठरवून कुठल्याच गाडीची ताकद २८० अश्वशक्तीच्या वर सांगितली नाही. ‘सांगितली’ हा शब्द महत्त्वाचा. निसान स्कायलाइन जीटी-आर आर३४ च्या माहितीपत्रकात २८० च छापलेलं असे, इंजिन मात्र त्याहून जास्त देई. इथे लगाम होता तो छापखान्याला.

राहिला पैसा. फ्रेंच अभियंता ज्यूल द्युप्वी याने १८४९ मध्येच लिहून ठेवलंय, की तिसऱ्या वर्गाच्या रेल्वे डब्यांना छप्पर नसतं ते छपराचा खर्च वाचावा म्हणून नव्हे, दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडणाऱ्यांनी तिसऱ्यात बसू नये म्हणून. इंटेलने १९९१ मध्ये ४८६एसएक्स ही चिप काढली. सुरुवातीच्या चिपांमध्ये गणिती भाग जागेवरच होता, फक्त बंद करून ठेवलेला. एकच वस्तू बनवून तिची एक आवृत्ती मुद्दाम अधू करणं कधीकधी दोन वस्तू बनवण्यापेक्षा स्वस्त पडतं. मोटारींतही हे चालतंच, पण पेट्रोल इंजिनात पिस्टन, गिअरबॉक्स, उष्णता यांच्या गर्दीत ते शोधून काढणं कठीण.

विजेच्या गाडीत ती गर्दी बरीच ओसरते. मर्सिडीजने २०२२ मध्ये अमेरिकेत ईक्यूई ३५० च्या मालकांपुढे प्रस्ताव ठेवला: वर्षाला १,२०० डॉलर भरा, २१५ किलोवॅटचे २६० होतील. गाडीत एक स्क्रूही बदलायचा नव्हता. वॉरंटी देणारी कंपनीच २६० द्यायला तयार आहे म्हटल्यावर सुटे भाग तेवढं सोसतात हे तिनेच कबूल केलं. टेस्लाने २०१६ मध्ये मॉडेल एस ६० विकली तिच्यात बॅटरी होती ७५ किलोवॅट-अवरची, पण सॉफ्टवेअर त्यातले ६० च वापरू द्यायचं. पुढच्या वर्षी फ्लोरिडावर इर्मा चक्रीवादळ चालून आलं, तेव्हा कंपनीने घर सोडून निघालेल्या मालकांच्या गाड्यांचं हे कुलूप दुरूनच काही दिवसांपुरतं काढलं. गाड्या तेवढ्याच चार्जमध्ये अचानक जास्त लांब जाऊ लागल्या नाहीत. इतके दिवस ज्या बॅटरीचं वजन त्या नुसतंच वाहत होत्या, ती आता वापरता आली. सप्टेंबरच्या मध्याला कुलूप परत लागलं.