साखर किती खाली आणायची?

मधुमेहातील सघन इन्सुलिन उपचार म्हणजे केवळ जास्त इन्सुलिन नव्हे. दिवसभर पुरणारे इन्सुलिन एकदा, प्रत्येक जेवणापूर्वी लवकर काम करणारे इन्सुलिन वेगळे, आणि त्याची मात्रा बोट टोचून तपासलेल्या साखरेवरून व ताटात काय वाढले आहे यावरून ठरवायची, अशी ही कष्टाची पद्धत आहे.

तिचा फायदा १९९३ मध्ये स्पष्ट झाला. अमेरिका व कॅनडातील टाइप १ मधुमेहाच्या (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही) १४४१ रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांचे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) या पद्धतीने ९ टक्क्यांऐवजी ७ टक्क्यांच्या आसपास राखले गेले, त्यांना डोळ्यांच्या पडद्याचा विकार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. मूत्रपिंडे आणि मज्जातंतूही अधिक सुरक्षित राहिले. मात्र साखर इतकी घसरण्याचे प्रसंग, की दुसऱ्याची मदत घ्यावी लागावी, याच गटात सुमारे तिपटीने जास्त घडले आणि वजनही वाढले.

टाइप २ मधुमेहाच्या (ज्यात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही), हृदयविकाराचा मोठा धोका असलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवरील दुसऱ्या अभ्यासात एचबीए१सी ६ टक्क्यांखाली आणण्याचा प्रयत्न २००८ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावा लागला, कारण त्या गटात मृत्यू अधिक झाले. त्यामुळे पंचविशीतल्या तरुणाचे उद्दिष्ट सत्तरीच्या, हृदयविकार असलेल्या आजोबांवर लादणे मला अयोग्य वाटते.

सोलापूरसारख्या शहरात हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याची जेवणाची वेळ दर आठवड्याला बदलते, आषाढी एकादशीला घरोघरी उपवास असतो, आणि जेवण टळले तरी टोचलेले इन्सुलिन मात्र आपले काम करतच राहते. त्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की फ्रिजबाहेर राहिलेल्या इन्सुलिनची ताकद कमी होऊ शकते. मग साखर वाढते, मात्रा वाढवली जाते, आणि नवी बाटली उघडताच तीच वाढीव मात्रा अंगावर येते. (बर्फाला चिकटून ठेवलेले, गोठलेले इन्सुलिनही वापरू नये.)

घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर घसरल्याची लक्षणे आहेत. वारंवार घसरण होणाऱ्यांना ती जाणवेनाशी होतात, हे विशेष घातक. साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेल्यास तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. अशा वेळी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे करणे चुकीचे, कारण शेंगदाण्यातील तेलामुळे पचन मंदावते. साखर सावरल्यावर भाकरी-चटणी खुशाल खावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून तातडीने रुग्णालयात न्यावे.