कोयता कधी थांबवायचा?

दिवाळीच्या आगेमागे वाळवा, पलूस, कराड भागात ऊसतोड टोळ्या उतरू लागतात. बीड-अहिल्यानगरकडून येतात, तशा आपल्याच जत आणि माणमधूनही. मजुरांच्या संघटना ‘कोयता बंद’ची हाक देतात तीही नेमकी याच सुमारास. त्याचं कारण उसातच आहे. तोडलेल्या उसातलं इन्व्हर्टेज नावाचं विकर सुक्रोज फोडून त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करू लागतं, आणि त्यापासून दाणेदार साखर मिळत नाही. पाणी उडून वजनही घटतं. म्हणून तोडीनंतर शक्यतो 24 तासांत गाळप व्हावं यासाठी धावपळ चालते. उभा ऊसही फार काळ दम धरत नाही. पक्व झाल्यावर राखून ठेवला तर उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, घसरतो. हंगाम थांबला की कारखान्याला एकेक दिवस महाग पडतो.

सामूहिक वाटाघाटींच्या अभ्यासाला हे चांगलंच ठाऊक आहे. बोलणी फिसकटली तर कोणाच्या हाती काय उरतं, यावर तडजोड कुठे होणार ते ठरतं, असं गणितज्ञ जॉन नॅश यांनी 1950 मध्ये गणिताने मांडलं. 1982 मध्ये अर्थशास्त्रज्ञ एरियल रुबिनस्टाइन यांनी त्यात काळ आणला: दोन्ही बाजू आळीपाळीने प्रस्ताव ठेवत असतील, तर ज्याला थांबणं परवडतं त्याच्या पदरात मोठा वाटा पडतो. कोणी किती घाम गाळला, याला त्या समीकरणात जागाच नाही. मला ते वाचताना टोचतं, पण फडातली परिस्थिती त्याने नेमकी उलगडते.

कारण मजुराचं थांबणं आधीच विकलं गेलेलं असतं. पावसाळ्यात हाताला काम नसताना मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या कंत्राटदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतली जाते आणि ती फेडायची तर हंगामात तोडणी करावीच लागते. कारखान्याला घाई आहे हे टोळीला दिसतं, पण डोक्यावर उचल असल्याने त्या घाईचा फायदा एकेकट्याला घेता येत नाही. संघटनेची खरी गरज इथे आहे. सगळे कोयते एकदम थांबले, तरच कारखान्याची अडचण बोलण्यांच्या टेबलावर येते. जानेवारी 2024 मध्ये सहकारी साखर कारखान्यांच्या साखर संघाबरोबरच्या बोलण्यांत तोडणी दरात 34 टक्के वाढ तीन वर्षांसाठी मान्य झाली. एकट्या जोडप्याने मुकादमाकडे मागून ती मिळाली असती का? नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यामुळे त्या वाढीतही बाईच्या कष्टाची वेगळी नोंद नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

हमालांनी दुसरी वाट काढली. पाटण तालुक्यातून मुंबईला गेलेल्या अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला. व्यापारी नोंदणी झालेल्या हमालाची मजुरी माथाडी मंडळाकडे भरतो, वर लेव्ही म्हणजे ठरावीक जादा रक्कम भरतो, आणि हमालाला मजुरी मंडळाकडून मिळते. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी असे लाभ उभे राहतात. एका व्यापाऱ्याची मर्जी गेली म्हणून सगळंच हातचं जात नाही. नॅश यांच्या भाषेत, बोलणी मोडल्यावर हाती उरणारं वाढलं.

ऊसतोड मजुरांच्या कल्याण महामंडळासाठीही कारखान्यांकडून टनामागे पैसे घ्यायचं धोरण आहे. मजुरी मात्र अजून मुकादमाच्या हातूनच येते. पुढच्या करारात दराइतकाच आग्रह दोन गोष्टींसाठी धरायला हवा: उचल मुकादमाऐवजी महामंडळाकडून मिळावी, आणि कोयत्यामागच्या दोघांची नावं वेगवेगळी लिहिली जावीत.