काँक्रीटचा ओटा: ओतलेला की लेप दिलेला?

राखाडी रंग, त्यात ढगाळ छटा, कुठेही सांधा नाही आणि हाताला गुळगुळीत. काँक्रीटचा ओटा हवा म्हणून लोक गवंड्याला किंवा इंटिरिअरवाल्याला जो फोटो दाखवतात, तो बहुतेक वेळा असाच असतो. अडचण अशी की त्या फोटोतला ओटा दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी केलेला असू शकतो. एक, साच्यात माल ओतून घडवलेली सबंध लादी. दोन, प्लायवूडवर, जुन्या टाइलवर किंवा जुन्याच दगडी ओट्यावर थापीनं चढवलेला दोन-तीन मिलिमीटरचा सिमेंटचा लेप, म्हणजे मायक्रोसिमेंट. कोटेशनमध्ये मात्र दोन्हींसाठी बिनदिक्कत ‘काँक्रीट टॉप’ असंच लिहिलं जातं.

वरून बघून या दोघांत फरक करणं सरावलेल्या माणसालाही जड जातं. म्हणून बघायचं ते खालून. सिंकच्या कापात हात घालून कडेची खालची बाजू चाचपायची. ओतलेल्या लादीची खालची बाजू खरखरीत, पण सगळी एकाच मालाची असते. लेपाच्या ओट्याखाली हाताला प्लायवूडच्या लाकडाचे थर किंवा जुना दगड लागतो. पृष्ठभागावरही थोड्या खुणा सापडतात. ओतीव लादीवर, विशेषतः कडांना, हवेच्या बुडबुड्यांची टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं राहिलेली असतात, तर लेपावर तिरपा उजेड पाडला की थापी फिरल्याचे कमानदार पट्टे दिसतात. ओट्याची जाडी बघून मात्र फसू नका. कडेला प्लायवूडची जादा पट्टी लावून तीन मिलिमीटरच्या लेपाला सहज पाच सेंटिमीटरचा तोरा देता येतो.

ओतीव लादीत काय असतं

आधी वजन, कारण बाकीचे बरेच निर्णय त्यावरून ठरतात. काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण 2400 किलो. तीन मीटर लांब, 60 सेंटिमीटर रुंद आणि 4 सेंटिमीटर जाड ओटा धरला, तर सुमारे 170 किलो होतात. तेवढ्याच पृष्ठभागावरचा लेप दहा-बारा किलोंत भागतो. म्हणजे लादी बसवायची तर खालची कपाटं भक्कम आणि काटेकोर लेव्हलमध्ये हवीत, जिना वळणाचा असेल तर ती वर कशी न्यायची हे आधी ठरवावं लागतं, आणि नेताना ती उभीच, कडेवर धरून न्यावी लागते. आडवी धरली की मधोमध वाकते, आणि वाकणं काँक्रीटला जमत नाही. दाब ते भरपूर सोसतं, पण ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते.

ताणासाठी म्हणून आत सळई किंवा जाळी टाकतात, आणि इथेच एक मजेशीर घोटाळा होतो. चांगल्या लाद्या बहुधा उलट्या ओततात. गुळगुळीत मेलामाइनच्या फळीचा साचा, कोपऱ्यांना सिलिकॉनची गोलाई, आणि साच्याचा तळ म्हणजे उद्याचा वरचा चेहरा. बसवलेल्या ओट्यात दोन आधारांच्या मधे ताण येतो तो खालच्या बाजूला, म्हणून सळई तिथे हवी. उलट्या साच्यात ती बाजू वर असते. स्लॅबच्या सवयीनं कुणी जाळी साच्याच्या तळाशी ठेवली, तर ओटा सरळ केल्यावर ती नेमकी वर येते. ताण खाली, लोखंड वर. शिवाय जाळीवर माल पातळ राहिला तर पृष्ठभागावर तिच्या चौकटींची फिकट छाया उमटते आणि ती पॉलिशनं जात नाही. खुर्च्या सरकवण्यासाठी ओटा कपाटाच्या पुढे काढला असेल, तर त्या भागात हिशेब पुन्हा उलटतो: तिथे ताण वरच्या बाजूला येतो. म्हणून लोंबत्या भागाला खालून लोखंडी ब्रॅकेट दिलेले बरे.

अमेरिकेत 1980 च्या दशकात फू-टुंग चेंग आणि मातीकामातून आलेले बडी ऱ्होड्स यांच्यासारख्या कारागिरांनी घरगुती ओट्यांसाठी ही पद्धत रुळवली. नंतर लाद्या हलक्या करण्यासाठी काचतंतूंचं काँक्रीट, म्हणजे जीएफआरसी आलं. साधी काच सिमेंटच्या अल्कलीत हळूहळू कुजते, म्हणून त्यात झिर्कोनिया घातलेले खास तंतू वापरतात. आधी तंतूविरहित पातळ थर आणि त्यामागे तंतूंचा माल, अशी ती लादी 20 ते 25 मिलिमीटर जाडीत भागते आणि वजन बरंच उतरतं. कुणी तिला लेप समजेल, पण ती ओतीवच.

ओतीव कामाला वेळ मात्र द्यावा लागतो. कपाटं जागेवर बसल्याशिवाय माप घेता येत नाही, मग पातळ पट्ट्यांचा नमुना, साचा, ओतणं, ओलं ठेवणं, साचा सोडणं, घासणं, आणि शेवटी सीलर, म्हणजे पाणी-डाग अडवण्यासाठी वरून मारायचं द्रव्य. काँक्रीटची ताकद 28 दिवसांची धरतात ती उगीच नाही. पुढच्या आठवड्यात देतो म्हणणाऱ्याला मालात काय घालणार हे विचारावं.

तडा कुठून आला

माझ्या मते या दोन ओट्यांमधला खरा फरक तड्यांवरून कळतो.

ओतीव लादीला जाणारी चीर तिची स्वतःची असते. काँक्रीट वाळताना आकसतं, मीटरमागे साधारण अर्धा मिलिमीटर. लादी कपाटाला कडक गोंदानं पक्की चिकटवून टाकली की तिला आकसायला जागा उरत नाही आणि ती चिरते. म्हणून सिलिकॉनचे ठिपके देऊन बसवतात. दुसरी ठरलेली जागा म्हणजे सिंकच्या कापाचे आतले कोपरे. काटकोनी कोपऱ्यात ताण गोळा होतो आणि चीर तिथून तिरपी निघते. कोपरा गोल केला तर धोका पुष्कळ उतरतो. सिंकपुढची पाच-सहा सेंटिमीटरची पट्टी तर सगळ्यात नाजूक. ने-आण करताना लादी मोडते ती बहुधा तिथेच. पण सळई योग्य जागी असेल तर केसाएवढी चीर तेवढीच राहते, वाढत नाही. ती डोळ्याला खुपते, एवढंच.

लेपावरची चीर खालच्या वस्तूची असते. ती तिरपी, नागमोडी जात नाही; पट्टीनं आखल्यासारखी सरळ धावते, कारण खाली प्लायवूडच्या दोन तुकड्यांचा सांधा किंवा टाइलची रेघ असते. वरून भरली तरी काही दिवसांत पुन्हा उमटते. लेप देणारा चांगला गवंडी म्हणूनच अर्धा वेळ लेपाआधीच घालवतो. हलणाऱ्या टाइल काढतो, रेघा भरून सपाट करतो, तेलकटपणा घालवतो, चकाकी घासून मारतो, प्लायवूडचे सांधे स्क्रूनं आवळतो, मग प्रायमर आणि काचतंतूंची जाळी. हे सगळं झाकलं जाणार असतं, त्यामुळे काम उरकणाऱ्याला नेमकं इथेच वाचवता येतं. शक्य असेल तर जाळी लावल्यावर, लेपाआधी, एकदा बघून घ्यावं.

लेपाच्या ओट्याचा खरा शत्रू सिंक. वर दोन-तीन थर सीलर असतो, पण कापाच्या खालच्या कडेला लेप पोचलेलाच नसतो. तिथून उघड्या प्लायवूडला पाणी लागतं, लाकूड फुगतं, आणि वर लेपाला सिंकभोवती उंचवटा येऊन पोपडे सुटतात. कापलेली कडा आधी इपॉक्सीनं बंद केली की हे टळतं, काम अर्ध्या तासाचं.

दोघांत सारखं काय

आम्ल दोघांनाही सारखंच खातं. लिंबू किंवा व्हिनेगर सिमेंटमधल्या कॅल्शियमच्या संयुगांना विरघळवतं आणि निस्तेज ठिपका राहतो. तो डाग नव्हे. तिथलं सिमेंटच गेलेलं असतं, त्यामुळे कितीही धुतला तरी निघत नाही. सीलर लागतोच. प्रश्न फक्त कोणता. आत मुरणारा सीलर पाणी अडवतो, दिसत नाही, पण आम्लापुढे त्याचा फार टिकाव लागत नाही. पॉलियुरेथेनसारखा वर पापुद्रा धरणारा सीलर आम्ल अडवतो, पण त्यावर सुरीचे ओरखडे दिसतात आणि गरम भांडं टेकलं की पांढरट वळ उठतो. काँक्रीटला काही होत नाही, जळतो तो सीलर.

ओतीव लादीत यातलं काहीही निवडा, कारण चूक निस्तरता येते. वरचा थर पाण्याखाली घासून काढला तरी खाली तोच माल, तोच रंग. (कोरडं घासू देऊ नका. उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असते.) लेपाला ही मुभा नाही. तीन मिलिमीटरमधून घासणार किती? म्हणून लेपावर पापुद्र्याचा सीलर जवळपास सक्तीचा, आणि ओट्याचं आयुष्य म्हणजे व्यवहारात त्या सीलरचं आयुष्य.

उघड्यावरच्या स्वयंपाकघरासाठी मी ओतीवच सांगेन. प्लायवूडवरचा लेप तर उघड्यावर नकोच. ओतीव लादीलाही थोडा उतार हवा, खालच्या कडेलगत पाणी तुटून पडण्यासाठी बारीक खाच हवी, आणि भाजायच्या ग्रिलभोवती फट सोडायला हवी. इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, त्यामुळे ते बाहेर नको. काळ्या रंगासाठी कार्बन ब्लॅकऐवजी (म्हणजे काजळीच्या रंगद्रव्याऐवजी) लोहाचे ऑक्साइड वापरलेले बरे, ते उन्हापावसात टिकतात. बर्फ पडणाऱ्या भागात मालात मुद्दाम हवेचे सूक्ष्म बुडबुडे धरतात. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं आणि त्या फुगण्याला तेवढीच जागा मिळते.

व्यवसायाच्या जागी उत्तर इतकं सरळ नाही. दुकान महिनाभर बंद ठेवणं परवडत नाही, वरच्या मजल्यावर पावणेदोनशे किलो चढवता येत नाहीत, रिसेप्शनचं काउंटर वळणदार असतं. अशा ठिकाणी लेप चार-सहा दिवसांत काम उरकतो, आणि उभ्या किंवा गोलाकार दर्शनी भागावर तो ओतीवपेक्षा सरस ठरतो, कारण तिथे ना पाणी साचतं ना भांडी आपटतात. कॉफीचं किंवा बारचं काउंटर मात्र दिवसभर घासलं, आपटलं, पुसलं जातं. तिथे निदान वरची लादी जीएफआरसीची असावी. खाद्यपदार्थ हाताळायच्या पृष्ठभागातून पाणी मुरता कामा नये, त्यामुळे सीलर पुन्हा कधी मारायचा याची तारीख मालकानं स्वतःकडे लिहून ठेवावी.

वर ओतीव आणि समोर लेप अशी जोडी जमवायची तर रंगाची एक खबरदारी घ्या. एकच रंगद्रव्य दोन्ही मालांत वेगळी छटा धरतं आणि सीलर मारल्यावर दोन्ही वेगवेगळ्या मात्रेनं गडद होतात. म्हणून दोन्हींचे हातभर नमुने पूर्ण वाळवून, सीलर मारून, काउंटरच्याच जागी तिथल्या दिव्यांखाली शेजारी ठेवून बघा, आणि पसंत पडले तरच साचा भरायला सांगा.